ज्याचे पोट दुखेल तो ओवा मागेल; जळजळ असेल त्याने मात्र थांबावे

ओव्याचे पाणी उद्या सकाळपासून बंद करा. बाकीचे सगळे सावकाश सांगते, पण तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच आहे.

तुम्ही लिहिले आहे की तुमचे यजमान गेले दोन महिने रोज अनशापोटी ओव्याचे उकळलेले पाणी पितात. एक मोठा चमचा ओवा रात्री भिजवायचा, सकाळी आटवायचा आणि गरम गरम प्यायचा. जेवल्यावर पोट फुगायचे म्हणून सुरुवात केली, वजनही उतरेल असे कुणीतरी सांगितले. पहिले काही दिवस खरेच हलके वाटले. आता छातीत जळजळ, आंबट ढेकर, आणि दोनदा तोंड आले. सासूबाईंचे म्हणणे, "ओव्याने कधी कुणाला काही झालेय का? आमच्या घरी गवार ओव्याशिवाय होत नाही." आणि तुम्हाला कळेना की दोघांपैकी खरे कुणाचे. शिवाय नणंद बाळंतपणाला येणार आहे, तिला आणि बाळाला ओव्याची धुरी द्यायची का, आणि गॅलरीतल्या कुंडीत जी "ओव्याची पाने" आहेत तो हाच ओवा का, हेही विचारले आहे.

सासूबाईंची गवार बरोबर आहे आणि यजमानांची जळजळही खरी आहे. ओवा एकच, पण गवारीत तो पाव किलो भाजीला अर्धा छोटा चमचा असतो, तेलात परतलेला असतो, पोळी-भाताबरोबर चार माणसांत वाटला जातो. यजमान त्याच्या कितीतरी पट ओवा एकटे, रिकाम्या पोटी, रोज घेत होते. आपल्या परंपरेने ओवा जेवणात ठेवला त्यामागे कारण आहे, आणि ते समजून घेतले तर घरातला वाद आपोआप मिटेल.

आयुर्वेदात ओव्याला यवानी म्हणतात. भावप्रकाशात, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ग्रंथात, तिचे गुण दिले आहेत: पाचन करणारी, रुची आणणारी, तीक्ष्ण, उष्ण, तिखट, हलकी, अग्नी वाढवणारी, वात आणि कफ, पोट फुगणे, पोटशूळ, जंत यांवर उपयोगी. हे सगळे लोक सांगतात. त्याच ओळींमध्ये आणखी एक शब्द आहे जो कुणी सांगत नाही: पित्तला. पित्त वाढवणारी. म्हणजे जुन्या वैद्यांना हे पक्के माहीत होते की पोट जड आहे, गुबारा धरलाय, मुरडा येतोय, त्याला ओवा द्यावा. आणि ज्याला आधीच जळजळते, घशाशी आंबट येते, तोंड येते, त्याला देऊ नये. तुमच्या यजमानांना सुरुवातीला पहिली तक्रार होती. ती बरी झाल्यावरही ओवा चालूच राहिला, आणि आता दुसरी तक्रार उभी राहिली.

वजनाचे तर आणखी विचित्र आहे. ओवा दीपन आहे, म्हणजे भूक प्रदीप्त करणारा. ज्याला जेवण जात नाही, आजारातून उठल्यावर अन्नाकडे बघवत नाही, अशा माणसाच्या खिचडीत आपण ओवा घालतो. भूक लागावी म्हणून जो पदार्थ दिला जातो, तोच वजन उतरवायला प्यायचा, हा सल्ला कुठून आला मला समजत नाही. पोट फुगलेले कमी झाले की कमरेचा पट्टा सैल होतो हे खरे. पण चरबी तिथेच असते.

आता ओव्याच्या आत काय आहे ते थोडे पाहू, कारण स्वयंपाकातली सगळी रीत त्यावर उभी आहे. आपण ज्याला दाणा म्हणतो ते खरे तर फळ आहे. धणे, जिरे, बडीशेप, शेपा यांच्याच कुळातले. त्याच्या अंगावर ज्या बारीक उभ्या रेघा दिसतात त्यांच्या आसपास तेलाच्या नलिका असतात. या उडनशील तेलाचे प्रमाण साधारण 2 ते 4 टक्के, आणि त्या तेलात मोठा वाटा थायमॉलचा. ओव्याचा तो झणझणीत वास आणि जिभेवर येणारी किंचित बधिरता थायमॉलची. माउथवॉशमध्ये हेच वापरतात. ओव्याच्या तेलातून त्याचे पांढरे खडे मिळतात, त्यांना आपल्याकडे ओव्याचे फूल म्हणतात. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा मोठ्या प्रमाणावर जहाजाने जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई.

थायमॉल पाण्यात फार कमी विरघळते, तेला-तुपात सहज विरघळते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, ओवा नुसता अख्खा टाकला तर फार काही हाती लागत नाही. तो तळहातावर चोळून, चुरून टाकला तर नलिका फुटतात आणि वास मोकळा होतो. भज्यांच्या पिठात ओवा टाकताना आपोआप दोन्ही तळवे एकमेकांवर घासणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, ते उगाच नाही. दुसरे, तेलाच्या फोडणीत ओवा टाकला की त्याचा गुण तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सगळ्या भाजीला लागतो. झाकण न ठेवता पाण्यात बराच वेळ उकळला तर वाफेबरोबर वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि पातेल्यात उग्र, कडवट पाणी उरते.

या विरघळण्याचा धोकाही माणसाने पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमीवर थायमॉल हे मान्य औषध होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 साली सुरू झालेल्या रॉकफेलर आयोगाच्या मोहिमेत ते लोकांना दिले गेले. त्या मात्रेबरोबर तेलकट खाणे आणि दारू सक्त मना असे, कारण त्यांच्यात विरघळून थायमॉल अंगात जास्त शोषले जाई आणि विषबाधा होई. भाजीतल्या चिमूटभर ओव्याला हे भय नाही. पण "नैसर्गिक आहे, कितीही घ्या" असे जो म्हणतो त्याला हे सांगावे.

आता गवार. ओवा आणि गवार ही जोडी आपल्या स्वयंपाकातली सगळ्यात समंजस जोडी आहे असे मी मानते. गवार वातूळ, चिवट, थोडी कडसर. पाव किलो कोवळी गवार शिरा काढून, हाताने मोडून घ्यायची. दोन चमचे तेल तापवायचे, मोहरी तडतडली की आच कमी करायची, मग ओवा, लगेच हिंग, हळद, आणि गवार. ओव्याला तेलात दहा सेकंदही पुष्कळ होतात. दाणा बारीक असल्याने तो जिऱ्याच्या आधी करपतो आणि करपलेला ओवा सगळ्या भाजीला कडू करतो. म्हणून मोहरीबरोबर ओवा कधीच टाकू नये. गवार वाफेवर शिजू द्यायची, पाण्याचा झाकणावरचा हबका पुरतो. शेवटी दाण्याचे कूट, गूळ, गोडा मसाला. काही घरांत लसूण घालतात आणि गोडा मसाला टाळतात, तीही चांगली लागते. दोन्ही तीव्र वास एकाच वेळी भरपूर घातले तर मात्र ओवा हरवतो. गोडा मसाला घालायचा असेल तर थोडाच घाला.

गवारीसारखाच ओवा घेवडा, पावट्याच्या शेंगा, सुरण, अळकुड्या यांना मानवतो. अळकुड्या उकडून, सोलून, तेलात ओवा आणि तिखट-मीठ टाकून खरपूस परतल्या तर त्यांचा चिकट जडपणा जाणवत नाही. फ्लॉवर आणि कोबीच्या भाजीत मी स्वतः ओवा घालत नाही, त्यांना आले आणि हिंग जास्त चांगले. बटाट्याच्या पिवळ्या भाजीतही नको.

कडधान्यांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. वाल, पावटे, चवळी, हरभरे खाल्ल्यावर गॅस होतो तो त्यांतल्या विशिष्ट साखरांमुळे. त्या पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. फोडणीतला ओवा या साखरा मोडत नाही. त्या कमी होतात त्या भिजवण्याने, पाणी टाकून देण्याने, मोड आणण्याने आणि नीट शिजवण्याने. वालाचे बिरडे करताना मोड आणून एकेक डाळिंबी सोलण्याचा जो खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यात चवीबरोबर पोटाचाही विचार आहे. ओवा करतो ते पुढचे काम: आतड्याच्या स्नायूंचा आवळ सैल करतो, त्यामुळे मुरडा कमी होतो आणि अडकलेला वारा सरतो. थायमॉलने आतड्याच्या स्नायूंना शिथिलता येते हे प्राण्यांच्या आतड्यांवरच्या प्रयोगांत दिसलेले आहे. माणसांवरचे अभ्यास थोडे आहेत, पण स्वयंपाकघरातला अनुभव त्याच दिशेचा आहे. सांगायचे इतकेच की न भिजवलेल्या चवळीची उसळ करून वर चमचाभर ओवा घालणे याला उपाय म्हणता येणार नाही.

वाल आणि ओवा यांचे खरे लग्न पाहायचे असेल तर थंडीत रायगड जिल्ह्यात जावे, अलिबाग, पेण, रोह्याकडे. तिथे पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या भरलेल्या शेंगा, मधे बटाटे, कांदे, रताळी, अंडी, ज्यांना चालते ते मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून ठेवतात. प्रत्येक थरावर जाडे मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद. मडके उपडे करून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगा स्वतःच्या रसात आणि पाल्याच्या वाफेत शिजतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडके फोडले किंवा उलटवले की जो वास येतो त्यात भांबुर्डी आणि ओवा वेगळे काढता येत नाहीत. शेतात बसून माणूस या शेंगा पाटीभर खातो आणि रात्री निवांत झोपतो. वालासारखा जड पदार्थ इतका खायचा तर त्याबरोबर ओवा असलाच पाहिजे, हे त्या भागातल्या माणसाला कुणी शिकवावे लागले नाही.

तळणात ओवा का, हे वेगळे सांगायला नको. बेसन आणि तेल दोन्ही जड, आणि स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात. कांदाभजीला दोन वाट्या बेसनाला अर्धा चमचा ओवा चुरून पुरतो. तिखटमिठाच्या पुऱ्या, कोथिंबीर वडी, कडबोळी, भाजणीची चकली, यांतही हेच प्रमाण धरा: चार वाट्या पिठाला एक छोटा चमचा. चकलीत ओवा आणि तीळ दोन्ही असतात. ओवा अख्खा घातला तरी चालतो, कारण सोऱ्याची चांदणी मोठी असते. शेवेची जाळी बारीक, तिच्यात दाणा अडकतो आणि शेव तुटते. म्हणून शेवेला ओवा पाण्याबरोबर बारीक वाटून, फडक्यातून गाळून, त्या पाण्यात पीठ भिजवतात. ओव्याचे पाणी प्यायची हौस असेल तर ती अशी भागवावी असे मी यजमानांना सुचवीन. गुजरातेत पापडीत, फाफड्यात, उंधियूतल्या मुठियांत ओवा असतो. उत्तरेत मठरी आणि पराठ्यात. सगळीकडे हिशोब एकच, जिथे जडपणा तिथे ओवा.

वरणात, साध्या फळभाज्यांत, रोजच्या आमटीत ओव्याची गरज नाही. तिथे जिरे पुरते. जिरे रोजच्या वापराचे, सौम्य. बडीशेप त्याहून थंड. हिंग तीव्र पण प्रमाण अगदी थोडे. ओवा उष्ण आणि प्रसंगी घेण्याचा. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये ओवा निम्मा करावा आणि पावसाळ्यात, जेव्हा पचन मंद असते आणि भजी खावीशी वाटतात, तेव्हा मोकळ्या हाताने वापरावा.

औषध म्हणून घरी ओवा कसा घ्यायचा, हे विचारलेले नाही पण विचाराल म्हणून सांगते. लग्नाचे जेवण, पुरणपोळ्या, रात्री उशिरा झालेले खाणे, यानंतर पोट टम्म झाले असेल तर पाव ते अर्धा छोटा चमचा ओवा चिमूटभर सैंधवाबरोबर सावकाश चावून खायचा आणि वर कोमट पाणी. एवढेच. गिळायचा नाही, चावायचा. तोंडातच त्याचे काम सुरू होते. त्या दिवशी आराम पडला की दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे कारण नसते. रोज लागतोय असे वाटले तर ओव्याची मात्रा वाढवण्याआधी जेवणाची वेळ आणि रात्रीचे ताट तपासायला हवे. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवे होणाऱ्या माणसाचे पोट कोणत्याही मसाल्याने हलके होणार नाही.

माझा आवडता प्रकार म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला ओवा. अर्धी वाटी ओवा निवडून पाखडून घ्या, त्यात बुडेल इतका लिंबाचा रस आणि चमचाभर सैंधव-पादेलोण घाला, काचेच्या भांड्यात रस जिरेपर्यंत ठेवा, मग सावलीत पूर्ण सुकवा. बडीशेप आणि भाजलेल्या तिळांबरोबर जेवणानंतर चिमूटभर. याने ओव्याचा उग्रपणा उतरतो. दुपारच्या ताकात भाजलेल्या ओव्याची चिमूटभर पूड आणि सैंधव, हाही जुना आणि चांगला उपाय आहे. ताक ताजे हवे. आंबट ताकाने जळजळ असलेल्याचा त्रास वाढतो.

हिंग्वाष्टक चूर्ण तुम्हाला माहीत असेल. सुंठ, मिरे, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन्ही जिरी आणि हिंग. अजमोदा ही ओव्याची जवळची भावंड वनस्पती, आणि अनेक जण तिच्या जागी ओवाच घालतात. ते घ्यायचे कसे, तर तुपात कालवून, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. इतकी उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये एकत्र आणली तेव्हा त्यांच्याखाली तूप आणि वर अन्न असे दोन्हीकडून आवरण दिले. रिकाम्या पोटी नुसत्या ओव्याचा काढा रोज पिणे याच्या अगदी उलट आहे.

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि भीमसेनी कापूर समभाग एकत्र केले की तिन्ही खडे वितळून पातळ होतात, ती अमृतधारा. कपाळाला, छातीला लावायला मोठ्या माणसांसाठी ठीक. लहान मुलांच्या हाती ती बाटली लागू देऊ नका आणि त्यांना पोटातून एक थेंबही देऊ नका. कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येतात. घरात देवघरापासून औषधाच्या डब्यापर्यंत कापूर असतो म्हणून हे ठळक सांगते आहे.

आता नणंदेचे बाळंतपण. बाळंतिणीच्या जेवणानंतर ओवा, बाळंतशोपा, तीळ, सुके खोबरे, बडीशेप भाजून जो विडा-सुपारीसारखा मुखवास देतात, तो खुशाल द्या. तिला भूक लागते, पोट साफ राहायला मदत होते, आणि त्यातले तीळ-खोबरे पोषक आहेत. दिवसातून दोनदा चमचाभर पुरे. तिला जळजळ असेल तर ओवा वगळून बाकीचे द्यावे. ओवा घातलेली भाकरी, लसूण-ओव्याची फोडणी दिलेली मुगाची पातळ आमटी, हेही उत्तम.

धुरी मात्र देऊ नका. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, उद हे शेगडीत टाकून बाळाला आणि आईला धूर द्यायचा, ही रीत मोठ्या वाड्यांच्या, कौलारू घरांच्या काळातली आहे, जिथे धूर वर निघून जाई. फ्लॅटच्या बंद खोलीत पेटते निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. आणि नवजात बाळाच्या फुप्फुसाला कोणताही धूर नकोच. सासूबाईंना वाईट वाटेल, पण हे ठाम सांगा, हवे तर माझे नाव सांगा. त्याऐवजी शेक ठेवता येईल. सुती फडक्यात दोन चमचे ओवा बांधून पुरचुंडी करायची, कोरड्या तव्यावर गरम करायची, आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. आईच्या पोटाला, कंबरेला चांगला शेक बसतो. सिझेरियन झाले असेल तर टाक्यांच्या जागी नको. बाळाच्या पोटाला शेकायचेच तर पुरचुंडी न लावता आपला हात तिच्यावर ऊबदार करून तो हात बाळाच्या पोटावर ठेवावा. पुरचुंडी बाळाच्या नाकाजवळ, उशाशी ठेवू नये.

बाळाला ओव्याचा अर्क, ओव्याचे पाणी, काहीही नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध सोडून पाणीसुद्धा द्यायचे नसते. संध्याकाळी बाळ पाय पोटाशी घेऊन रडते, त्यासाठी दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि सायकलसारखे पाय हलवणे पुरते. सारखे रडत असेल, दूध ओढत नसेल, हिरवी उलटी झाली किंवा पोट ताणलेले दिसले तर वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे.

मोठ्यांच्या बाबतीतही एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. छातीत दाबल्यासारखे होते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, आणि घरचे म्हणतात "गॅस आहे, ओवा-मीठ दे." हृदयविकाराचा झटका गॅस समजून घरात तास-दोन तास गेले आणि माणूस गेला, अशी घरे मी पाहिली आहेत. चाळिशीच्या पुढच्या माणसाला, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याला, असा त्रास पहिल्यांदा होत असेल तर आधी ईसीजी, मग ओवा. तुमच्या यजमानांची जळजळ चालताना किंवा जिना चढताना वाढते का, हेही विचारा. वाढत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

तसे नसेल तर दोन आठवडे असे करा: ओव्याचे पाणी बंद, चहा निम्मा आणि रिकाम्या पोटी नाही, रात्रीचे जेवण आठच्या आत, तळलेले आणि आंबवलेले थोडे दिवस बाजूला. सकाळी कोमट पाणी साधेच प्यावे. जेवणानंतर धणे-बडीशेप. भाजीच्या फोडणीत ओव्याऐवजी जिरे. गवार या दोन आठवड्यांत करूच नका, म्हणजे सासूबाईंशी ओव्यावरून बोलायची वेळ येणार नाही. दोन आठवड्यांनीही जळजळ राहिली, किंवा गिळताना अडकते, शौचाला काळी होते, वजन आपोआप उतरते, सारख्या उलट्या होतात, यांपैकी काहीही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवे.

ओवा घेताना दाणा हिरवट-करडा बघून घ्या. दोन दाणे चावले की जीभ चुरचुरली पाहिजे. तपकिरी, धुळकट आणि नुसत्या गवताच्या वासाचा असेल तो जुना. थोडा थोडा आणा, काचेच्या बरणीत गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवा, पूड करून ठेवू नका. बारीक काड्या आणि वाळू असते, म्हणून पाखडल्याशिवाय वापरू नये.

राहिली तुमच्या कुंडीतली पाने. जाड, मऊ लव असलेली, कातरलेल्या कडांची, चुरडली की ओव्याचा वास येणारी, तीच ना? ती वेगळी वनस्पती आहे, तुळस-पुदिन्याच्या कुळातली. खऱ्या ओव्याचे झाड हंगामी, शेपूसारख्या बारीक पानांचे आणि छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांचे असते. ते कुंडीत फांदी खोचून येत नाही. पण दोन्हींच्या तेलात थायमॉल आणि त्याच्या जवळची द्रव्ये असल्याने वास जुळतो, म्हणून नाव पडले. पाने खायला निर्धोक आहेत. त्यांची भजी करताना पिठात वेगळा ओवा घालू नका, आणि पाने धुऊन पूर्ण कोरडी करा, नाहीतर पीठ सुटते आणि तेल उडते. दोन पाने चिरून दह्यात, हिरवी मिरची आणि जिऱ्याच्या फोडणीबरोबर, ही कोशिंबीरही चांगली होते.

आणि काष्ठौषधींच्या दुकानात "किरमाणी ओवा" आणि "खुरासानी ओवा" अशी नावे ऐकाल. त्यांचा या ओव्याशी संबंध नाही. किरमाणी ही जंतावरची दवणा-कुळातली वनस्पती, आणि खुरासानी ओवा धोतऱ्याच्या कुळातला, विषारी. त्याने भ्रम होतो, घसा कोरडा पडतो, नाडी धावते. तो फक्त वैद्याच्या हातातला. कुणी स्वस्तात किंवा "जास्त गुणकारी" म्हणून दिला तरी स्वयंपाकघरात आणू नका.